तत्त्वज्ञानाच्या सरांवरील स्मृतिलेखात त्यांच्या नामसाधनेविषयी कितपत लिहावे?

भीमातीर

सर्वांना नमस्कार. आमच्या तत्त्वज्ञानाच्या सरांचे गेल्या वर्षी वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांचे जुने विद्यार्थी मिळून एक छोटी स्मरणिका काढत असून तिच्यातील मुख्य लेख माझ्याकडे सोपवण्यात आला आहे. सर सोलापुरातील एका महाविद्यालयात शिकवीत आणि १९८० च्या दशकात मी त्यांची विद्यार्थिनी होते. त्यांचे नाव येथे मुद्दाम देत नाही. त्यांना प्रसिद्धीचे वावडे होते आणि घरच्यांचीही तशीच इच्छा आहे.

सर निंबाळच्या परंपरेतले होते. म्हणजे प्रा. रा. द. रानडे, ज्यांना आपण गुरुदेव रानडे म्हणतो, त्यांच्या संप्रदायातील एका वडीलधाऱ्या साधकाकडून त्यांनी तरुणपणी नाम (म्हणजे नामस्मरणाची दीक्षा) घेतले होते आणि अखेरपर्यंत त्यांचा नेम चुकला नाही. वर्गात मात्र त्यांनी या गोष्टीविषयी कधी अवाक्षरही काढले नाही. आम्ही त्यांच्याकडे प्लेटो, कांट, उपनिषदे आणि शंकराचार्य शिकलो, पण सर रोज पहाटे नामाला बसतात हे आमच्यापैकी बहुतेकांना महाविद्यालय सोडल्यानंतर कळले. मला स्वतःला ते कळले माझे वडील गेल्यावर. त्या काळात मनात उठणारे प्रश्न घेऊन मी सरांच्या घरी गेले, तेव्हा त्यांनी उपदेश केला नाही. दासबोधाची प्रत दिली, रोज थोडे वाचा आणि जे पटणार नाही ते वहीत लिहून आणा, एवढेच सांगितले. ती वही पुढे कित्येक वर्षे आमच्यात फिरत राहिली. आज माझ्यापाशी जी काही श्रद्धा आहे ती त्या वहीतून आली आहे.

स्मरणिकेच्या बैठकीत यावरून दोन तट पडले आहेत. काहींचे म्हणणे असे की, लेख प्राध्यापकावर आहे, तेव्हा त्यांच्या अध्यापनावरच लिहावे; साधना ही खासगी बाब आहे. काहींना वाटते की, साधना वगळली तर सरांमधले सरच वगळल्यासारखे होईल. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, परंतु अशा लेखांचे संतचरित्रात रूपांतर होते आणि मग त्यात माणूस सापडत नाही, याची मला धास्ती वाटते. गुरुदेव रानडे, मामासाहेब दांडेकर असे प्राध्यापक आपल्याकडे पूर्वी होऊन गेले आहेत. ज्यांनी त्यांचा अभ्यास केला आहे त्यांनी कृपया सांगावे: त्यांच्या बाबतीत विद्वत्ता आणि श्रद्धा यांचा सांधा नेमका कोठे होता, आणि तो चमत्कारांच्या वाटेला न जाता लेखात कसा दाखवता येईल?

होटगी_जंक्शन

ताई, आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण गुरुदेवांवरचे बरेचसे लेखन आपण म्हणता त्याच वाटेने गेले आहे. मी निंबाळला नियमित जाणाऱ्यांपैकी आहे. तरीही माझे मत असे आहे की, त्यांची श्रद्धा समजून घ्यायची असेल तर आठवणींच्या आधी त्यांच्या ग्रंथांची रचना पाहावी.

चरित्राचा सांगाडा आपणांस ठाऊक असेलच. ३ जुलै १८८६ रोजी जमखंडीला जन्म, शाळकरी वयातच १९०१ मध्ये उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम, पुण्यात डेक्कन कॉलेजात शिक्षण, नंतर फर्ग्युसन आणि सांगलीचे विलिंग्डन येथे अध्यापन, आणि १९२७ पासून निवृत्तीपर्यंत अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुखपद. तेथे ते कुलगुरूपदापर्यंत पोहोचले. निवृत्तीनंतर त्यांचा मुक्काम प्रामुख्याने निंबाळला असे आणि तेथेच ६ जून १९५७ रोजी त्यांनी देह ठेवला. निंबाळ हे सोलापूरहून होटगीमार्गे विजापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे छोटे स्थानक आहे, हे आपल्या सोलापूरच्या वाचकांना सांगायला नकोच. (माझे टोपणनाव तिथूनच आले आहे.)

आता ग्रंथांकडे वळतो. उपनिषदांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आधी उपनिषदांची पार्श्वभूमी, मग सृष्टीच्या उत्पत्तीचा विचार, मानसशास्त्र, नंतरच्या दर्शनांची उपनिषदांतील मुळे, अंतिम सत्याचा प्रश्न आणि नीतिविचार असा क्रम असून आत्मसाक्षात्काराच्या खुणांचे प्रकरण सर्वांत शेवटी येते. मला हा क्रम फार बोलका वाटतो. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी नाम घेतलेला, अनुभवालाच अखेरचा पुरावा मानणारा हा मनुष्य वाचकाला थेट अनुभवाच्या दाराशी नेऊन उभा करीत नाही. मतामतांतील विरोध, युक्तिवाद, ग्रीकांशी आणि आधुनिक युरोपीय विचारवंतांशी तुलना, हे सगळे पार करूनच तो तेथे पोहोचू देतो. ग्रीक तत्त्वज्ञानाचा त्यांचा व्यासंग मोठा होता. हेराक्लायटसवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला आहे.

महाराष्ट्रातील संतांवरचा १९३३ चा ग्रंथ तर आपल्या लेखासाठी अधिकच उपयोगी पडेल. डॉ. श्री. कृ. बेलवलकर यांच्यासह आखलेल्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा तो सातवा खंड. ती प्रचंड योजना पुरी झाली नाही, पण हा खंड झाला हे आपले भाग्य. त्यात ज्ञानदेवांचा मार्ग बुद्धिप्रधान, नामदेव आणि त्यांच्या समकालीन संतांचा लोकाभिमुख, एकनाथांचा समन्वयाचा, तुकारामांचा व्यक्तिगत आणि रामदासांचा कृतिप्रधान अशी मांडणी आहे. एवढ्या खणाखणांतून संत बसवणे मला स्वतःला थोडे यांत्रिक वाटते. नामदेव काय कमी व्यक्तिगत आहेत? पण तुकोबांवरची प्रकरणे वाचावीत. त्यांच्या आयुष्यातील काळोखाचा, देव भेटत नाही म्हणून होणाऱ्या तगमगीचा भाग रानडे वेगळा काढतात आणि त्याला पूर्ण वजन देतात. ते अभंग झाकून ठेवणे भाविकाला सोपे गेले असते आणि त्यांच्यावरच थांबणे संशयवाद्याला. रानड्यांनी ते दोन्ही केले नाही. विद्यार्थ्याला श्रद्धेच्या वाटेवरचा संशय इतक्या प्रामाणिकपणे दाखवणारा शिक्षक मला दुसरा माहीत नाही.

या इंग्रजी ग्रंथाच्या आधी त्यांनी मराठीत ‘वचनामृता’ची पुस्तके तयार केली: ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास वगैरेंची निवडक वचने विषयवार लावून. म्हणजे ‘माझे म्हणणे नंतर ऐका, आधी मूळ शब्द पाहा’ अशी ही रीत. तुमच्या सरांनी तुम्हाला दासबोध आणि कोरी वही दिली यात मला हीच रीत दिसते. दासबोधाचे वाचन हा या संप्रदायातील नित्याचा भाग आहे. न पटलेले लिहून आणायला सांगणे हा मात्र प्राध्यापकाचा भाग. त्या वहीवरच लेख उभा करावा असे मी सुचवीन.

शंकासूर

लेखिकेच्या भावनेचा आदर राखून एक अडचणीचा प्रश्न विचारतो, कारण येथे सगळे एकाच सुरात बोलू लागले तर स्मरणिकेचे नुकसान होईल. प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्यात सत्तेची विषमता असते. गुण देणारा, शिफारसपत्र लिहिणारा मनुष्य जेव्हा एखाद्याच्या श्रद्धेला आकार देतो, तेव्हा ती श्रद्धा कितपत स्वतःची असते? ज्या विद्यार्थ्यांना देवाधर्मात रस नव्हता त्यांना सरांच्या वर्गात आणि घरी तीच वागणूक मिळाली का? माझ्या मते लेखात याचे उत्तर आले नाही, तर साधनेवर लिहिलेले प्रत्येक वाक्य परक्या वाचकाला प्रचार वाटेल. रानड्यांच्या बाबतीतही तोच प्रश्न आहे: अनुभव हा पुरावा मानला की ज्याला तो अनुभव नाही त्याने वादातून बाहेर पडायचे का?

भीमातीर

शंकासूर, आपला प्रश्न रास्त आहे आणि बैठकीत तो कोणी विचारला नव्हता. माझ्यापुरते सांगायचे तर सरांनी मला दासबोध दिला तेव्हा मी त्यांची विद्यार्थिनी राहिले नव्हते. गुण, परीक्षा, शिफारस यांपैकी काहीही त्यांच्या हातात नव्हते. मला आता वाटते की, हा योगायोग नसावा. वर्गात असलेल्या मुलांनी काही विचारलेच, तर ते ‘पदवी झाल्यावर बोलू’ असे म्हणत, हे आमच्यापैकी अनेकांना आठवते आणि तेव्हा आम्ही ते टाळणे समजत असू.

वर्गाविषयी सांगते. सर चार्वाक शिकवीत तेव्हा ते इतके ताकदीने शिकवीत की, पुढच्या तासाला नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचे, उत्तर ऐकेपर्यंत अर्धा वर्ग चार्वाकवादी झालेला असे. ह्यूमने चमत्कारांवर घेतलेला आक्षेप त्यांनी फळ्यावर पायरीपायरीने मांडला होता आणि त्यातली कुठलीही पायरी सैल ठेवली नव्हती. आमच्या तुकडीतील एक जण पुढे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात पडला. सरांच्या घरी त्याचे जाणे-येणे शेवटपर्यंत होते आणि स्मरणिकेसाठी तोही लिहिणार आहे. त्याचा लेख माझ्या लेखाच्या आधी छापावा असे आपल्या प्रश्नानंतर मला वाटू लागले आहे.

टाळकरी

राम कृष्ण हरी. वरील चर्चेत मामांचा, म्हणजे मामासाहेब दांडेकरांचा, नुसता उल्लेख झाला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी आळंदीला शिकलो. आमच्या पिढीने मामांना पाहिलेले नाही, पण ज्यांनी पाहिले त्यांच्या हाताखाली आम्ही टाळ धरला.

शंकर वामन तथा सोनोपंत दांडेकर यांचा जन्म १८९६ चा. मूळ गाव आजच्या पालघर जिल्ह्यातील केळवे-माहीम. पालघरच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. तत्त्वज्ञानात ते गुरुदेव रानड्यांचे विद्यार्थी आणि परमार्थात विष्णुबुवा जोगमहाराजांचे. एकाच माणसाला दोन गुरू, एक विद्यापीठातला आणि एक वारकऱ्यांच्या फडावरचा, हे त्यांच्या आयुष्याचे सूत्र समजले तर पुढचे सगळे उलगडत जाते. जोगमहाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हा बंकटस्वामी आदी गुरुबंधूंबरोबर मामाही त्या कामात होते. बहुजन समाजातील, खेड्यापाड्यांतील मुलांना चार वर्षे राहून ज्ञानेश्वरी, गाथा, कीर्तन आणि मृदंग शिकता यावे यासाठी ही संस्था होती आणि आजही आहे. १९२० मध्ये महाराज गेले. मामा पुण्यात सर परशुरामभाऊ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवीत राहिले, पुढे तेथेच प्राचार्य झाले, आजन्म ब्रह्मचारी राहिले, आणि वारी व कीर्तन दोन्ही चालू ठेवले.

आता सांध्याविषयी. वारकरी कीर्तनाची रीत नारदीय कीर्तनाहून वेगळी आहे. त्यात आख्यान मुख्य नसते. एक अभंग घ्यायचा, त्याच्या एकेका चरणाचा अर्थ उलगडायचा, आणि आपण जे बोलतो त्याला संतवचनाचे प्रमाण द्यायचे. प्रमाणाशिवाय बोललेले वाक्य फडावरच्या जाणत्या श्रोत्याला खपत नाही. मागे उभा असलेला टाळकरीसुद्धा मनात हिशेब ठेवत असतो की, ही ओवी कोठली आणि येथे ती लागू पडते का. प्रतिज्ञा मांडणे, शंका काढणे, तिचे निरसन करणे, प्रमाण देणे हे सारे तत्त्वज्ञानाच्या वर्गातही असते आणि वीणा गळ्यात घातलेल्या विणेकऱ्याच्या शेजारी उभे राहूनही करावे लागते. म्हणून मामा सकाळी वर्गात एक आणि संध्याकाळी कीर्तनात दुसरे होते असे मानण्याचे कारण नाही. एकच शिस्त दोन जागी वापरली जात होती. शंकासूर यांना याच अंगाने उत्तर देता येईल: अनुभव हा व्यक्तीचा असला तरी कीर्तनात तो प्रमाणाला बांधलेला असतो, आणि प्रमाण तपासण्याचा अधिकार शेवटच्या ओळीत बसलेल्या श्रोत्यालाही असतो.

प्लेटो आणि ज्ञानदेव यांची तुलना करणारे पुस्तक मामांनी लिहिले. वारकरी पंथाचा इतिहास लिहिला. ‘प्रसाद’ मासिकाचे संपादन केले. पण त्यांच्या विद्वत्तेचा खरा उपयोग मला विचाराल तर १९५३ च्या सार्थ ज्ञानेश्वरीत झाला. ओवी आणि तिचा सरळ गद्य अर्थ, एवढेच त्याचे रूप. त्यात प्राध्यापक कोठेही डोके वर काढत नाही. परदेशी मते, पांडित्याची झूल, स्वतःचे वेगळे सिद्धान्त घालण्याची सोय असताना त्यांनी ते टाळले, कारण ग्रंथ पारायणाला बसणाऱ्या शेतकऱ्यासाठी होता. आमच्याकडे सप्ताहात आजही ती प्रत हमखास दिसते. तिच्यावर ज्यांचे नाव आहे ते महाविद्यालयाचे प्राचार्य होते हे वाचणाऱ्यांपैकी कित्येकांना ठाऊकही नसते.

आणखी एक गोष्ट, थोडी विषयाला सोडून वाटेल, पण नाही. जोगमहाराजांच्या शिकवणीत कीर्तनाचा मोबदला न घेण्यावर भर होता. आज बिदागीचे आकडे ऐकले की कान बंद करून घ्यावेसे वाटतात. ज्याचे पोट प्राध्यापकाच्या पगारावर चालते त्याला कीर्तन विकावे लागत नाही, आणि ज्याला कीर्तनातून मान मिळतो त्याला वर्गात धर्म आणण्याचा मोह होत नाही. मामांच्या बाबतीत या दोन गोष्टींनी एकमेकींना स्वच्छ ठेवले, असा माझा अंदाज आहे. ताई, तुमच्या सरांनी दीक्षेच्या नावाखाली कोणाकडून काही घेतले नसेल, तर ते लेखात स्पष्ट शब्दांत लिहावे. अशा गोष्टी लिहायच्या राहून जातात आणि पुढच्या पिढीला खऱ्या माणसाची पारख करायला काही साधन उरत नाही.

होटगी_जंक्शन

टाळकरी महाराज, फार चांगले लिहिलेत. एका ठिकाणी भेद दाखवतो. मामांची श्रद्धा जाहीर होती. वारीत, कीर्तनात, हजारो लोकांसमोर होती. गुरुदेवांच्या संप्रदायात नाम एकांतात, डोळे मिटून, बोलबाला न करता घ्यायचे असते. गृहस्थाश्रम सोडावा लागत नाही, वेश बदलावा लागत नाही, शेजाऱ्यालाही कळण्याची गरज नसते. त्यामुळे मामांवर लिहिताना श्रद्धा दिसतेच. निंबाळच्या परंपरेतील माणसावर लिहिताना ती शोधावी लागते. ताईंची अडचण तेथेच आहे. सर बोलले नाहीत, हा त्यांच्या स्वभावाचा भाग होता तसाच तो परंपरेचाही होता, आणि हे वाचकाला सांगितले नाही, तर त्यांचे मौन गूढ वाटू लागेल व तेथूनच संतचरित्र सुरू होईल.

ग्रंथपाल_निवृत्त

लेखाच्या आशयावर विद्वान बोलले आहेतच. मी केवळ कामाचे सांगतो. महाविद्यालयीन ग्रंथालयात आयुष्य गेल्यामुळे प्राध्यापक निवर्तल्यानंतर त्यांच्या कागदपत्रांचे काय होते ते पाहिले आहे: पुस्तके रद्दीत जातात किंवा भेट म्हणून ग्रंथालयात येतात आणि न उघडता कपाटात राहतात. स्मरणिका छापण्याआधी सरांच्या ग्रंथांच्या समासांतील टिपा, त्यांनी काढलेल्या प्रश्नपत्रिका आणि विद्यार्थ्यांकडे असलेल्या वर्गाच्या टिपणवह्या एकत्र कराव्यात व त्यांची छायाचित्रे घ्यावीत. प्रश्नपत्रिकांना कोणी किंमत देत नाही, पण शिक्षक विद्यार्थ्याकडून काय अपेक्षितो हे तेथे जितके कळते तितके कोणत्याही आठवणीत कळत नाही. गुरुदेवांशी संबंधित संदर्भ पाहायचे असतील तर बेळगावच्या हिंदवाडीतील गुरुदेव रानडे मंदिरात, तुलनात्मक तत्त्वज्ञान आणि धर्म यांच्या त्यांनीच स्थापलेल्या अकादमीत, चौकशी करावी. या संस्थेची सुरुवात १९२४ साली पुण्यात झाली होती.

ती दासबोधाची वही कोणाकडे आहे?

भीमातीर

माझ्याकडेच आहे. डाव्या पानावर माझे आक्षेप आणि उजव्या पानावर सरांच्या पेन्सिलीतील नोंदी, अशी तिची रचना आहे. बऱ्याच ठिकाणी सरांनी उत्तर न देता फक्त पुढच्या एखाद्या समासाचा आकडा लिहिला आहे. काही ठिकाणी ‘हा आक्षेप योग्य आहे’ असे लिहून सोडून दिले आहे. देहनिंदेच्या आणि स्त्रियांविषयीच्या ओव्यांवर मी रागाने बरेच लिहिले होते. तेथे त्यांनी समर्थांच्या काळाची सबब पुढे केलेली नाही. स्वतःचे मत मांडले आहे आणि ते माझ्या मताच्या बरेच जवळ आहे.

आपणा सर्वांचे वाचून लेखाची दिशा ठरली. चरित्रपर भाग एका पानात आटोपून त्या वहीतील निवडक पाने, माझ्या आक्षेपांसह, जशीच्या तशी छापावीत आणि सरांच्या नामसाधनेविषयी जे लिहायचे ते त्या पानांच्या अनुषंगाने, गरजेपुरते लिहावे, असा प्रस्ताव मी बैठकीत ठेवणार आहे. घरच्यांची परवानगी घ्यावी लागेल. शंकासूर, आमच्या त्या वर्गबंधूच्या लेखाचा कच्चा मसुदा आला की आपण तो एकदा वाचून द्याल का? टाळकरी महाराज, मोबदल्याविषयीचा आपला मुद्दा सरांच्या पत्नींना विचारून घेते. माझ्या माहितीप्रमाणे सरांनी स्वतः कोणाला नाम दिलेच नाही. कोणी मागितले तर ते वडीलधाऱ्यांकडे पाठवत.